खालीच आहे

यार्डात त्याला सगळे शंकासुर म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्याला ते ठाऊक होतं, आणि हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं याचा तपास त्याने कधी सोडला नाही. माझ्यावर त्याचा दाट संशय होता. ते नाव मी ठेवलेलं नाही. पण हे सांगायला गेलो असतो तर तो म्हणाला असता, ‘मी विचारलं होतं का तुम्हाला?’ म्हणून कधी सांगितलं नाही.

माझा सगळा जन्म वजनकाट्यावर गेला. आकडे आणि गाड्यांचे नंबर सोडून मी फारसं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे कितपत जमेल कोण जाणे. पण त्याच्याविषयी लोक अजून काहीबाही बोलतात, ते बरोबर नाही. मी जवळून पाहिलं तेवढं सांगतो.

आमचं यार्ड डोंगराच्या पायथ्याशी होतं. मागच्या कारखान्यातून लोखंडी सळया यायच्या, लांब ट्रेलरवर चढायच्या, साखळ्यांनी आवळल्या जायच्या, आणि माझ्या काट्यावर वजन होऊन डोंगरावर धरणाच्या कामावर जायच्या. यार्ड म्हणजे ‘खाली’ आणि धरण म्हणजे ‘वर’, ही आमची सगळ्यांची बोली. मालक फोनवर एवढंच विचारत, ‘गाडी वर की खाली?’ कोणी आजारी पडून घरी राहिला तर ‘तो आज वर गेला नाही’ असं सांगत, आणि यार्डात नवीन आलेला माणूस दचकून बघत राही. माल उतरवून आलेली गाडी म्हणजे ‘मोकळी’. हे सगळं आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं की बाहेरचे लोक वेगळं बोलत असतील हे कधी मनातच आलं नाही.

वर जायला दोन रस्ते होते. एक डोंगराला लांबून वळसा घालून जाणारा. त्या रस्त्याने गेलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी परत येई. दुसरा सरळ डोंगरावरून, एका जुन्या पुलावरून जाणारा. त्या रस्त्याने सकाळी निघालेली गाडी दिवेलागणीच्या आत परत. पण पूल म्हातारा झाला होता. अवजड गाड्यांना तिथे पूर्वी बंदीच होती. मग रस्तेवाल्यांनी बंदी उठवली, पण एका अटीवर: प्रत्येक गाडीत एक डबी बसवायची. ती डबी आकाशातल्या उपग्रहाशी बोलणार, आणि गाडी कुठे आहे, किती वेगाने चालली आहे, कुठे थांबली आहे हे त्यांच्या कार्यालयात दिसत राहणार. डबी बंद पडली की परवानगी बंद. पुलाजवळ थांबायचं नाही. आणि भरलेली गाडी पुलावर एकटीच असली पाहिजे, म्हणून ती चढायला लागली की समोरच्या बाजूचा दिवा लाल करून तिकडच्या गाड्या रोखून धरायच्या.

बाकीच्या ड्रायव्हरांनी डबी बसवून घेतली आणि दोन दिवसांत विसरले. शंकासुराला ते जमणं शक्य नव्हतं.

तो मुळातच तसा. ‘कसं काय?’ म्हटलं की ‘का?’ म्हणणार. चहा पुढे केला की आधी तुम्ही घोट घेताय का ते बघणार. गाडी काट्यावर उभी केली की आत बसून राहायचा नाही; उतरून माझ्या खिडकीशी येऊन आकडा स्थिर होईपर्यंत काचेला नाक लावून उभा राहायचा. माझ्या काट्याने त्याचं एकदाही नुकसान केलं नव्हतं. पण केलं नाही म्हणजे करणार नाही असं थोडंच आहे, हा त्याचा हिशेब. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, हे त्याचं आणखी एक ब्रीद. जास्त बोललं की माणूस अडकतो, म्हणायचा. कोर्टात साक्ष द्यावी तसं तो साध्या गप्पांतही बोलत असे.

डबी बसवायला आलेल्या माणसाला त्याने दिवसभर पिडलं. ही ऐकते का? नाही. बघते का? नाही. मग हिरवा दिवा कशाला लुकलुकतो? चालू आहे हे कळायला. कोणाला कळायला? तो माणूस शेवटी घाम पुसत माझ्या खोलीत येऊन बसला आणि म्हणाला, ‘काका, यांच्या घरी कोणी हसतं का हो?’

हसत होतं. त्याच्या घरी त्याची बायको होती, आणि ती तोंडाने भारी खट्याळ. आमची घरं समोरासमोर, मध्ये जेमतेम एक हातगाडी जाईल एवढी गल्ली. वहिनींच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. दिवसा शेजारची एक बाई येऊन बघून जाई, पण त्यांना कुशीवर वळवायचं काम तोच करी, संध्याकाळी आल्यावर आणि मग रात्री दोनतीनदा उठून. दुसऱ्या कोणाच्या हातावर त्याचा भरवसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासारखं हलक्या हाताने ते दुसऱ्या कोणाला जमतही नव्हतं. शेजारच्या बाईने एकदा प्रयत्न केला तेव्हा वहिनींच्या पाठीला जखम झाली होती, ती भरायला सगळा उन्हाळा गेला. म्हणजे डोंगरावरचा रस्ता हा त्याच्यासाठी नुसता रस्ता नव्हता. तो बंद झाला तर एक दिवसाआड रात्री तो बाहेर, आणि वहिनी एकाच कुशीवर. यार्डात हे सगळ्यांना माहीत होतं. तो मात्र समजायचा की कोणालाच माहीत नाही.

डबी आल्यापासून तो गाडीत गायचा बंद झाला. पूर्वी भसाड्या आवाजात काहीतरी ओरडत यार्डात शिरायचा. आता ओठ मिटून. घरातसुद्धा हळू बोलू लागला. वहिनी खिडकीतून मला म्हणाल्या, ‘भावजी, हे आता मीठ मागतात तेही कानात. मी म्हटलं, छपरातून दिसतं का हो त्यांना? तर चेहरा बघा कसा झाला.’ तो आतून म्हणाला, ‘गाडी दिसते तर घर का नाही दिसणार?’ वहिनी म्हणाल्या, ‘दिसू दे. सांगा त्यांना, भांडी घासायची राहिलीत.’

आता फोनचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आलं. डबीला गाडी कुठे आहे ते कळत होतं, पण ती भरलेली आहे की नाही ते कळत नव्हतं. म्हणून गाडी यार्डातून निघायच्या बेताला कार्यालयातून ड्रायव्हरला फोन येई. सुरुवातीला एक बाप्या विचारायचा, ‘भरलेली की रिकामी?’ ड्रायव्हर सांगायचा, आणि त्याप्रमाणे वरचा दिवा लाल व्हायचा. पुढे तो गेला आणि एक मुलगी आली. आवाज गोड, बोलणं भरभर. बाकीची पोरं तिने तोंड उघडायच्या आधीच ‘ताई, भरून निघालोय, अमुक टन’ असं सगळं पुराण सांगून टाकत. शंकासुर विचारल्याशिवाय बोलणारा नव्हता. त्याचा फोन बहुतेक वेळा काट्यावरच यायचा. तो माझ्या खिडकीकडे पाठ करायचा, फोनभोवती हाताचा आडोसा धरायचा, आणि एकच शब्द बोलून फोन बंद करायचा. काय बोलला ते मला ऐकू येत नसे. मी ऐकायचा प्रयत्नही करत नसे, पण त्याला ते पटलं नसतं.

त्याच सुमारास वरच्या पुलावर काहीतरी बिनसलं. एकदा काट्यावर तो नेहमीपेक्षा जवळ येऊन हळूच म्हणाला, ‘मास्तर, बाकीच्यांना समोरचा दिवा लाल मिळतो?’

मी म्हटलं, मिळत असणार.

‘मला मिळत नाही. मी पुलाच्या तोंडाशी गेलो की समोरून गाड्या येतच असतात. मी भरलेला, तरी त्या थांबत नाहीत. बरोब्बर माझ्या वेळेला.’ मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, ‘तुम्हाला काही माहीत नाही.’

ते विचारणं होतं की सांगणं होतं, मला कळलं नाही. मी गप्प राहिलो. गप्प राहणं हा माझा स्वभाव आहे, पण त्याच्यासमोर गप्प राहिलेला माणूस गुन्हा कबूल केल्यासारखा दिसतो.

मग तो पुलाच्या अलीकडे थांबू लागला. समोरच्या गाड्या पूर्ण उतरेपर्यंत गाडी कडेला लावून उभा राही. जीव प्यारा असलेला कोणीही हेच करील. पण डबीला ते कुठे कळतंय? तिला कळलं एवढंच की एक गाडी जिथे थांबायचं नाही तिथे रोज थांबते. मालकांना तिकडून विचारणा झाली. मालकांच्या डोक्यात लगेच वेगळंच आलं. आडरान, सळयांनी भरलेली गाडी, रोज एकाच जागी थांबते. म्हणजे तिथे कोणीतरी टेम्पो घेऊन येत असणार. त्यांनी मला बोलावून दार लावून घेतलं आणि विचारलं, वजनात काही फरक? मी म्हटलं, माझं वजन आणि वरचं वजन जुळतंय. मालक म्हणाले, ‘जुळणारच. इतका शंकेखोर माणूस चोरी करील तर वजन जुळवूनच करील.’ आता यावर काय बोलणार.

खरं सांगतो, माझ्याही मनात पाल चुकचुकली. तो चोर असेल असं वाटलं नाही. पण एक शब्दाचा तो फोन, पाठ फिरवणं, आणि पुलापाशी थांबणं, यात कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटू लागलं. त्याची गाडी काट्यावर आली की मी आकडा दोनदा बघू लागलो. त्याने ते टिपलं. तो तिसऱ्यांदा बघू लागला. असे आम्ही दोघे काचेच्या दोन बाजूंना, एकाच आकड्याकडे आणि एकमेकांकडे बघत उभे. लोकांना वाटत असेल, काय एवढं वाचतात हे दोघे.

आणि मग नोटीस आली. रस्तेवाल्यांनी आमच्या काट्यावरची वजनं मागवून त्यांच्याकडच्या नोंदींशी लावून पाहिली होती. शंकासुराची गाडी पुलावरून कितीतरी वेळा भरलेली गेली होती, आणि त्यांच्या नोंदीत प्रत्येक वेळी ‘रिकामी’ होती. म्हणजे याने फोनवर खोटं सांगितलं, पुलाचा नि समोरच्यांचा जीव धोक्यात घातला, वर पुलापाशी बेकायदा थांबला. वरच्या रस्त्याची परवानगी का रद्द करू नये याचा खुलासा करायला त्याला बोलावलं होतं. आणि वजनाची खात्री करायला काटेवाल्यालाही, म्हणजे मला.

हे कळल्यावर तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. काट्यावर यायचा, आकडा बघायचा, जायचा. गल्लीत समोर आलो तर भिंतीकडे बघायचा. यार्डात कोणाला तरी म्हणाला, ‘मी पहिल्यापासून म्हणत होतो, डबी गाडीत नाही, काट्यावर बसवलेली आहे. चष्मा लावून बसते.’ ही गोष्ट फिरत फिरत माझ्याकडे आली. पोरं हसली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

वहिनींनी मला खिडकीतून हाक मारली तेव्हा तो घरी नव्हता. नेहमीची थट्टा त्यांच्या तोंडावर नव्हती. म्हणाल्या, ‘भावजी, खरं सांगा. यांनी खोटं सांगितलं असेल?’

मी म्हटलं, नसेल.

‘नसेल की नाही? दोन्हींत फरक आहे.’

मी चष्मा काढून पुसू लागलो. त्या छताकडे बघत म्हणाल्या, ‘जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला. आता सगळे यांच्यावर घेतात. फेडायचंच होतं कधीतरी. पण रस्ता गेला ना, तर फेडणार मी. या हाताने उशीसुद्धा सरकवता येत नाही मला.’

कार्यालयात आम्ही वेगवेगळे गेलो. जिन्याशी बाक होता, त्याच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. शिपायाने पाणी आणलं. शंकासुराने पेला हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि न पिता खाली ठेवला.

आत एक मॅडम होत्या. चष्मा डोक्यावर चढवलेला, टेबलावर दोन पडदे, बोलणं सरळ. रागावलेल्या वाटल्या नाहीत, पण मन बनवून बसल्या होत्या हे दिसत होतं. त्यांनी मला वजनं विचारली, मी सांगितली. माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी दोनदा विचारली. मग त्यांनी एक छापील कागद त्याच्यापुढे सरकवला. प्रत्येक फोनपुढे लिहिलं होतं, ‘गाडी रिकामी असल्याचे चालकाने सांगितले.’ मॅडम म्हणाल्या की कबूल असेल तर सही करा, निदान दंड लागणार नाही, फक्त परवानगी जाईल. एखाद्या मऊ माणसाने सही केली असती. मीच केली असती बहुतेक.

त्याने कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. मग उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाला, ‘रिकामी हा शब्द माझा नाही.’

मॅडम म्हणाल्या, इथे लिहिलेलं आहे.

‘कागदावर तुम्ही काहीही लिहाल. फोन आवाजावर होता. आवाज ऐकवा.’

मॅडमनी सांगितलं की ध्वनिफिती तपासूनच हे टाइप केलंय. तो म्हणाला, कोणी तपासल्या, त्याला इथे बोलवा. त्या म्हणाल्या, तसं करता येत नाही. तो म्हणाला, मग ऐकवा. असं बराच वेळ चाललं. तो आवाज चढवत नव्हता, पण जागचा हलतही नव्हता. शेवटी मॅडमनी सुस्कारा टाकला आणि पडद्यावर काहीतरी दाबलं.

त्या मुलीचा गोड आवाज आला, ‘गाडी खाली का?’ आणि मग याचा, दबलेला, ‘खालीच.’ फोन बंद.

दुसरा. ‘गाडी खाली का?’ ‘खालीच.’

तिसरा तसाच. मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, आता काय म्हणता, अशा अर्थाने. तो म्हणाला, ‘बघा. कुठे रिकामी म्हणालो?’ मॅडमना वाटलं तो थट्टा करतोय. त्यांचा चेहरा कठोर झाला. त्यांनी चौथा लावला.

‘गाडी खाली का?’

‘खालीच आहे. रोज काय विचारता? वरून दिसत नाही का तुम्हाला? विश्वास नसेल तर काटेवाल्याला विचारा. हा काय, समोर काचेआड बसलाय माझ्यावर डोळा ठेवून. तुमचाच माणूस आहे ना तो? चहाडखोर साला.’

मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो. तिथे लाकडाचा एक पापुद्रा निघालेला होता. शंकासुर कानापर्यंत लाल झाला होता, हे मला न बघताही कळत होतं.

मॅडमनी तो पुन्हा लावला. मला वाटलं, एकदा ऐकून माझं काय उरलं होतं म्हणून हे परत. पण त्या दुसरंच काहीतरी ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, हा फोन आला तेव्हा तुम्ही काट्यावर होतात?

‘खाली काट्यावर. रोजच असतो.’

‘भरलेली गाडी घेऊन?’

‘भरल्याशिवाय काट्यावर कशाला येऊ? मोकळी सकाळीच तोलून होते.’

‘मग खाली का म्हणालात?’

‘खालीच तर होतो,’ तो म्हणाला. ‘वर गेलो असतो तर वर म्हणालो असतो.’

मला तेव्हा कळलं. एकदम कळलं. चारचौघांत आपण होऊन बोलायची माझी सवय नाही, आणि नुकतंच मला जे म्हटलं गेलं होतं त्यानंतर या माणसासाठी का बोलावं असंही एका बाजूने वाटत होतं. पण डोळ्यांपुढे वहिनींचा तो हात आला. मी म्हटलं, ‘मॅडम, आमच्याकडे खाली म्हणजे... डोंगराच्या खाली. यार्डात. रिकाम्या गाडीला आम्ही...’

‘मोकळी,’ मॅडमनी वाक्य पुरं केलं. ‘आत्ता म्हणाले ते.’ त्यांनी डोक्यावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनीच सांगितलं, फोनवरची मुलगी दुसरीकडून बदलून आलेली होती, आणि तिकडचे ड्रायव्हर रिकाम्या गाडीला खाली म्हणत. ती त्यांचाच शब्द घेऊन आली होती. टाइप करणाऱ्याने ‘खाली’ ऐकलं आणि शुद्ध करून ‘रिकामी’ लिहिलं. मॅडम त्याला म्हणाल्या, ‘पण गाडी कुठे आहे ते आम्हाला दिसतंच. ते आम्ही फोन करून कशाला विचारू, असं नाही वाटलं तुम्हाला?’

‘वाटलं,’ तो म्हणाला. ‘म्हणूनच तर. तुम्हाला दिसतंय, तरी विचारताय. म्हणजे मी खोटं बोलतो का ते बघताय. मी एकदाही खोटं बोललो नाही.’

मॅडम तोंडावर हात ठेवून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. हसत होत्या की काय, नक्की सांगता येणार नाही. भरलेली गाडी समोरच्या गाड्यांबरोबर एकदमच पुलावर चढली असती तर काय झालं असतं हे त्यांनाही कळत असणार, कारण नंतर बोलल्या तेव्हा आवाज चांगलाच उतरला होता. त्यांनी त्या नोंदी रद्द केल्या. पुलापाशी थांबल्याचंही माफ केलं. परवानगी कायम. फक्त एक नवी अट घातली: यापुढे आमच्या यार्डातल्या कोणत्याही गाडीचं ड्रायव्हरला विचारणार नाहीत. काटेवाल्याला विचारणार. तो भरलेली म्हणाला तर भरलेली.

शंकासुराने ती अट ऐकली आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणजे त्याचं रोज संध्याकाळी घरी पोचणं आता माझ्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं. मला वाटतं, परवानगी गेली असती तरी त्याला इतका धक्का बसला नसता.

जिना उतरताना तो माझ्यापुढे होता. मधल्या वळणावर थांबला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ‘चहाडखोर’ शब्द परत घ्यायला फार कष्ट पडत नाहीत. तो म्हणाला, ‘मास्तर, त्या मॅडमना तुम्ही आधीपासून ओळखता का?’

आयुष्यात मी फार कमी वेळा चिडलो आहे. त्या दिवशी चिडलो. मी म्हटलं, ‘हो. माझी मावसबहीण आहे. तुम्हाला वाचवायचं आमचं कालच ठरलं होतं.’

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, ‘असं असेल तर उपकार आहेत.’ आणि उतरून गेला. त्याने ते खरं मानलं की काय, मला आजतागायत कळलेलं नाही. पण एवढं खरं की उपकार हा शब्द त्याच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भरून काट्यावर आली. फोन माझ्या टेबलावर वाजला. तो खिडकीशी होता, काचेला नाक लावून. मी त्याच्याकडे बघत, त्याला ओठ दिसतील असं, एकच शब्द बोललो, ‘भरलेली.’ फोन ठेवला. तो तरी हलेना. काच वाजवून म्हणाला, ‘तिकडून एवढा वेळ काय बोलत होती?’ मी म्हटलं, दिवस चांगला जावो म्हणाली. त्यावर त्याने थोडा विचार केला, गाडीत बसला, आणि वर गेला.

त्या संध्याकाळी आमची दोन्ही घरांची दारं उघडी होती. तो दिवेलागणीच्या आधी पोचला होता. हातपाय धुताना तो वहिनींना सांगत होता, आणि गल्ली अरुंद असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. आज पुलाच्या तोंडाशी गेला तर समोर लाल दिवा. पलीकडे गाड्यांची ही रांग, आणि पुलावर चिटपाखरू नाही. याच्या एकट्यासाठी सगळा पूल मोकळा करून ठेवलेला. इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण असा मान कोणी दिला नव्हता.

मग तांब्या ठेवल्याचा आवाज आला. नंतर तो हळूच म्हणाला, ‘एवढ्या गाड्या माझ्यासाठी थांबवल्या. काहीतरी असणार यात.’

‘असेल, असेल,’ वहिनी म्हणाल्या. ‘आधी मला कुशीवर वळवा, मग काढा शंका.’